मास्क परत येतो तेव्हा



आपल्या ठाण्याच्या नौपाड्यात कुणाच्या घरी आजारपण आलं की दोन फोन ठरलेले असतात. एक डॉक्टरांना आणि दुसरा रुग्णसाहित्य मिळवून देणाऱ्या ओळखीच्या माणसाला. वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठीचं सीपॅप यंत्र. अनामत भरायची, वस्तू न्यायची, काम झालं की परत करायची. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं महाराष्ट्रात ठिकठिकाणी हेच काम करतात. अनेक मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ करतात. गोखले रोडपासून घंटाळीपर्यंतच्या सोसायट्यांत तर शेजारी शेजाऱ्यासाठी करतो. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, या देवाणघेवाणीनं किती घरं सावरली हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. मला या रिवाजाबद्दल फार आदर आहे. म्हणूनच त्यातल्या एका दुर्लक्षित वस्तूवर आज बोलणार आहे: सीपॅपचा किंवा नेब्युलायझरचा, वापरून परत आलेला मास्क.

साहित्याच्या खोलीत वॉकर आणि मास्क शेजारीशेजारी ठेवलेले असतात. परत आल्यावर दोन्ही पुसले जातात, पुष्कळदा एकाच फडक्यानं. अर्ल स्पॉल्डिंग नावाच्या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं वैद्यकीय वस्तूंचे तीन वर्ग पाडले, आणि जगभरची रुग्णालयं आजही तेच मानतात. शरीराच्या आत, रक्तात किंवा ऊतींत शिरणारी वस्तू पहिल्या वर्गात. ती पूर्ण निर्जंतुक हवी. नाक, तोंड, श्वासमार्ग यांच्या ओल्या अस्तराला भिडणारी वस्तू दुसऱ्या वर्गात. तिच्यावरचे जवळजवळ सगळे जंतू मेलेच पाहिजेत. नुसत्या धड त्वचेला लागणारी तिसऱ्या वर्गात. वॉकर तिसऱ्या वर्गातला, त्याला साबणपाण्याचं फडकं पुरतं. श्वासाचा मास्क, नेब्युलायझरचं औषधाचं भांडं, ह्युमिडिफायरची बाटली ही मंडळी दुसऱ्या वर्गातली. फडकं एक असलं तरी वर्ग एक होत नाही.

आता अशा मास्कवरून पसरू शकणाऱ्या फ्लूच्या विषाणूकडे येऊ. त्याच्याभोवती चरबीचं नाजूक आवरण असतं आणि साबण ते फोडतो. म्हणजे हा शत्रू चिवट नाही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की स्टील आणि प्लास्टिकसारख्या कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर तो २४ ते ४८ तास जिवंत राहतो, आणि कापडावर, कागदावर ८ ते १२ तासांहून कमी. म्हणजे आठवडाभर फडताळात कोरडा पडून राहिलेल्या मास्कवरून फ्लू होण्याची भीती जवळपास नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण भलत्या जागी घाबरलं की खरी जागा सुटते.

खरी जागा वेगाची आहे. एरवी मास्क परत येतो, पंधरा दिवस पडून राहतो आणि मग कुणीतरी नेतो. ते पडून राहणं हेच नकळत आपलं संरक्षण करत असतं. साथीच्या दिवसांत मात्र सकाळी आलेलं नेब्युलायझर संध्याकाळी दुसऱ्या घरी जातं. चौथ्या मजल्यावरच्या नातवाचा खोकला थांबतो न थांबतो, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना धाप लागते आणि यंत्र मास्कसकट खाली येतं. विषाणू सर्वांत जास्त असतो तेव्हाच वस्तू सर्वांत लवकर हात बदलते. शिवाय ती घेणारा माणूस दम्याचा, वयस्क, फुप्फुसं आधीच थकलेली असा असतो. त्या माणसाला फ्लू झाला तर तो अंगदुखी आणि तापावर थांबेलच असं नाही.

साथीचे हे दिवस आपल्याकडे कधी येतात? आपण म्हणतो, थंडीत. श्रीनगरला ते खरं आहे. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात मात्र फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते; हिवाळ्यात येते ती बहुधा लहान. २००९च्या स्वाइन फ्लूची आठवण ताजी करा. देशातला पहिला मृत्यू ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात झाला, शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या दिवसांत शाळा बंद झाल्या, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. १९१८ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथसुद्धा, मुंबई बंदरात जूनमध्ये उतरली होती. जास्त बळी घेणारी दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली.

पावसाळ्याची अडचण आणखी एक आहे. त्या दिवसांत काही वाळत नाही. फ्लूचा विषाणू वाट पाहिली की मरतो, पण ह्युमिडिफायरच्या तळाशी राहिलेल्या पाण्यातले जिवाणू आणि नळीतल्या ओलीवरची बुरशी वाट पाहिली की वाढतात. त्यामुळे ‘चार दिवस ठेवून द्या’ हा सल्ला एकटा कामाचा नाही. आधी धुणं, मग जंतू मारणं, मग ठणठणीत वाळवणं आणि मगच ठेवणं. हा क्रम मोडला की मेहनत वाया जाते.

धुणं आधी का? तेलकट कढईवर नुसतं उकळतं पाणी ओतून भागत नाही, तसंच हे आहे. चेहऱ्याचं तेल, घाम, लाळ यांचा पातळ थर मास्कवर बसतो आणि जंतू त्याच्या आड सुरक्षित राहतात. म्हणून मास्क पूर्ण सुटा करायचा: सिलिकॉनची गादी वेगळी, सांगाडा वेगळा, डोक्याचे पट्टे वेगळे. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. सीपॅपच्या मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. ती हमखास विसरली जातात आणि घाण नेमकी तिथेच साचते. धुणाऱ्यानं हातमोजे आणि स्वतःचा मास्क घालावा, पट्टे झटकू नयेत.

जंतू मारायला घरगुती उपायांपैकी उष्णता सर्वांत भरवशाची. रुग्णालयांत वापरतात ते मोजमाप असं: ९० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १ मिनिट, ८० अंशांत १० मिनिटं, ७० अंशांत १०० मिनिटं, परिणाम सारखाच. पण प्रत्येक मास्क ही उष्णता सोसत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत तो अनेक रुग्णांसाठी आहे की एकाच रुग्णासाठी, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. वेष्टनावर २ हा आकडा वर्तुळात घालून त्यावर काट मारलेली असेल, तर ती वस्तू पुन्हा वापरायचीच नाही. नेब्युलायझरचं भांडं आणि तोंडाचा भाग उकळण्याजोगा असेल तर ५ मिनिटं उकळावा. नळी मात्र उकळत बसू नये, नवी घ्यावी. ऑक्सिजनच्या नाकातल्या नळीबद्दल तर चर्चाच नको. ती दुसऱ्याच्या नाकाला लावायची नाही.

आता आपल्या सवयींबद्दल. डेटॉलचा वास आला की आपल्याला स्वच्छ वाटतं. पण मास्कमध्ये राहिलेला तो वास रुग्ण रात्रभर फुप्फुसांत ओढतो. स्पिरिट आणि ब्लीचनं सिलिकॉनची गादी खराब होते, आणि तडे गेले की जंतूंना नवं घर मिळतं. व्हिनेगरवर विसंबू नये. कडक उन्हात ठेवणं ही आपली जुनी, इतर अनेक वस्तूंना लागू पडणारी रीत, पण उन्हानं या वस्तू कडक होतात. सावलीत, पंख्याखाली वाळवा. ओझोन सोडून सीपॅप ‘आपोआप’ स्वच्छ करणारी उपकरणं विकली जातात. त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२०मध्येच सावध केलं होतं. जून २०२१मध्ये फिलिप्सनं आपली अनेक सीपॅप आणि त्याच जातीची बायपॅप यंत्रं परत मागवली. आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता, आणि ओझोनच्या सफाईनं तो वाढू शकतो असंही कंपनीनं सांगितलं होतं. जुनं यंत्र विकत घेणाऱ्यानं किंवा दान म्हणून स्वीकारणाऱ्या केंद्रानं त्याचा अनुक्रमांक परत मागवलेल्या यंत्रांत नाही ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मास्क कितीही घासला तरी यंत्राच्या पोटातला फोम धुता येत नाही. फिल्टर तर प्रत्येक नव्या रुग्णाला नवाच.

सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत श्वास अडण्यावरचा सीपॅपचा उपचार १९८१ साली जगापुढे मांडला, तेव्हा प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन त्याचा मास्क बनवत आणि रोज रात्री तो चिकटवत. मास्क मुळात एका माणसाचा म्हणूनच जन्माला आला. माझंही मत तेच आहे: यंत्र वाटून घ्या, मास्क नको. एका घरात दोघांना सीपॅप असेल तरी अदलाबदल नको. आणि सीपॅप लावणाऱ्याला फ्लू झाला तर डॉक्टरांना विचारा आणि त्याला वेगळ्या खोलीत झोपवा, कारण मास्कच्या छिद्रांतून बाहेर येणारी हवा शेजारी झोपलेल्याच्या तोंडावर जाते.

पैशांचा प्रश्न उठतो, आणि तो खरा आहे. नेब्युलायझरचा मास्क-नळीचा संच स्वस्त आहे. सीपॅपचा मास्क काही हजारांत जातो. सगळ्यांना झेपणार नाही. माझी सूचना अशी, की केंद्रांनी यंत्राची अनामत आणि मास्कची किंमत वेगळी ठेवावी. यंत्र परत, मास्क रुग्णाचा. ज्याला किंमत झेपत नाही त्याच्यासाठी देणगीदार शोधावा. वॉकर दान करणारे आपल्याकडे खूप आहेत, त्यांना या वर्षी मास्कचे संच द्यायला सांगा. आणि अनेक रुग्णांना चालणारा मास्क पुन्हा द्यावाच लागला, तर त्याला एक चिठ्ठी बांधा: कधी परत आला, कधी धुतला, किती अंशांच्या पाण्यात किती वेळ ठेवला, कुणी. चिठ्ठी नसलेला मास्क खोलीबाहेर जाणार नाही, मागणारा कितीही जवळचा असला तरी.

पावसाळ्याला अजून अवकाश आहे. मे संपण्याआधी संच घेऊन ठेवा, साहित्य हाताळणाऱ्या स्वयंसेवकांना फ्लूची लस द्या आणि धुण्यासाठी दोन माणसं नेमा. उष्णतामापी नसेल तर तोही घ्या; पाण्यात बोट घालून ८० अंश कळत नाहीत.