बँकेचा धूर



बँकेला धुराडे नसते. मग तिच्या धुरावर व्याख्यान कशाला, असे आपणांपैकी कोणी येताना मनात म्हणाले असेल, तर त्यात त्याची चूक नाही. जिल्ह्याच्या गावची एखादी सहकारी बँक घ्या. दिवे, पंखे, वीज गेली की धडधडणारे डिझेलचे जनित्र आणि रोकड नेणारी मोटार, एवढाच तिचा पसारा. यातून निघणारा कर्बवायू तो कितीसा!

परंतु बँकेचा खरा धूर इमारतीत नसतो. तो कर्जाच्या खातेवहीत असतो. साखर कारखाना, वीटभट्टी, मालमोटारी, शेतातले पंप, ही सारी तिच्या पैशावर चालतात. 'सीडीपी' या संस्थेने २०२१ साली जगातील वित्तसंस्थांचे आकडे तपासले. तेव्हा कर्जे आणि गुंतवणूक यांतून होणारे उत्सर्जन त्यांच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या ७०० पटींहून अधिक भरले. म्हणून छपरावर सौर तावदाने बसवून 'आम्ही पर्यावरणाचे पाईक' अशी पाटी लावणारी बँक खोटे बोलत नसली, तरी सारे खरे सांगत नाही.

हा धूर मोजावा कसा? २०१५ साली नेदरलँड्समधील वित्तसंस्थांनी त्याची एक रीत बसविण्यास आरंभ केला. समजा, एका कारखान्याला भांडवल आणि कर्ज मिळून १०० कोटी रुपये लागले आणि त्यांत बँकेचे कर्ज २० कोटींचे आहे. तर कारखान्याच्या धुराचा पाचवा हिस्सा बँकेच्या नावावर मांडायचा. न्यूयॉर्कच्या अमाल्गमेटेड बँकेने ही रीत उत्तर अमेरिकेत रुजविण्यास पुढाकार घेतला. ही बँक १९२३ साली कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने काढली, हे आम्हांला मुद्दाम सांगावेसे वाटते.

मात्र या हिशेबात एक खोच आहे. कारखान्याने आपले कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेले, की पहिलीच्या वहीतला धूर नाहीसा होतो. धुराडे मात्र पूर्वीसारखेच ओकत राहते. तेव्हा नुसता आकडा उतरला म्हणून टाळ्या पिटू नयेत. तो का उतरला, हे विचारावे.

प्रतिज्ञांचेही तसेच. एप्रिल २०२१ मध्ये ४३ बँकांनी एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापून २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले. २०२४ अखेरीस अमेरिकेतील बड्या बँका त्यातून बाहेर पडू लागल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संघाचे कामच थांबले. ज्यांच्यापुढे वचन दिले ते जाब विचारणारे नसले, की वचनाचे आयुष्य असे असते.

मग धूर काढणाऱ्याचे कर्ज बंद करावे काय? आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे का जाळली, ते विसरून चालणार नाही. बँकेने दार लावले की शेतकरी पुन्हा त्याच उंबऱ्यावर जातो. कर्ज द्यावे; पण त्याला वळण लावावे. ठिबकासाठी, सौर पंपासाठी व्याज थोडे कमी घ्यावे. पाचट न जाळता सरीत कुजविणाऱ्याला सवलत द्यावी. युरिया बेताने वापरणाऱ्याची कदर करावी; कारण त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कर्बवायूच्या सुमारे २७० पट तापदायक असतो.

आणि हे केवळ परोपकारासाठी नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची खूण ओलांडली. ऊस, दुकाने, गोठे पाण्याखाली गेले. त्या एका पुराचा सारा दोष तापलेल्या हवेवर टाकणे बरोबर नव्हे; पण हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते, हे शास्त्र सांगते. पिकाबरोबर बुडते ते कर्ज, आणि कर्जापाठोपाठ धोक्यात येते ती ठेव. ती ठेव कोणाची? आपलीच.

सहकारी बँकेत भाग एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. बड्या बँकांच्या ठेवीदाराला हा मान नाही. आपण मात्र वार्षिक सभेत लाभांशाचा ठराव संमत करून चहाकडे वळतो. यंदा वळण्यापूर्वी उभे राहून एवढेच विचारू या: आमच्या पैशाचा धूर किती, तो कोणत्या कर्जातून निघतो, आणि पुढल्या सभेपर्यंत तो कमी करण्यासाठी कोणत्या कर्जाची अट बदलणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घेऊ या, आणि पुढल्या वर्षी तेच पान उघडून वाचू या.