पिंपरीचं पेनिसिलिन आणि आपलं इंजेक्शन

(येरवड्यातील वस्ती-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



औषध कंपन्यांना सरकार पैसा देतं की नाही, हा विषय आपल्या शिबिरात कशाला, असं चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं. रेशन, पाणी, मारहाणीच्या केसेस यातूनच आपल्याला सवड नसते, हे खरं आहे. म्हणून मी कोटींच्या आकड्यांपासून नाही, इंजेक्शनपासून सुरुवात करते.

वस्तीत अशी एखादी मुलगी आपल्याला भेटतेच. लहानपणी तिचा घसा सारखा दुखायचा, मग सांधे सुजले, उतरले, घरचे विसरून गेले. पहिल्या बाळंतपणात धाप लागली, तेव्हा कळलं की हृदयाची झडप खराब आहे. एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात तिथे हा आजार जास्त. त्यावर दर तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. ते लांबवर टिकणारं पेनिसिलिन. बायका त्याला ‘पेनिड्युअर’ म्हणतात. लग्न ठरलं की आई हे इंजेक्शन बंद करते, सासरी कळायला नको म्हणून. तिची समजूत घालता घालता आपण थकतो, आणि ती कशीबशी तयार झाली की औषधाच्या दुकानातून उत्तर येतं, “माल नाही.” गरोदरपणी रक्ततपासणीत सिफिलिस निघाला तरी हेच औषध लागतं. वेळेत दिलं तर पोटातलं बाळही वाचतं. औषध जुनं, स्वस्त, कुणाचं पेटंट नाही. मग मिळत का नाही?

नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस आपल्याला माहीत आहे. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा तिथे कैदेत वारल्या. शेवटच्या दिवसांत त्यांच्यासाठी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणवलं होतं. दर काही तासांनी सुया टोचाव्या लागणार हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ दिलं नाही. (बांना काय हवं होतं, हा प्रश्न मला अजून पडतो.) तेव्हा पेनिसिलिन लष्कराच्या ताब्यातली दुर्मिळ चीज होती. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५४ साली, इथून जवळच पिंपरीला भारत सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन निघू लागलं. नुसतं उत्पादन नव्हे, संशोधनही. हॅमायसिन हे बुरशीच्या आजारावरचं औषध तिथेच शोधलं गेलं. सरकारने पैसा घातला, कारण नवा देश औषधासाठी दुसऱ्यापुढे हात पसरायला तयार नव्हता.

पेनिसिलिन बुरशीपासून होतं. मोठमोठ्या टाक्या, चोवीस तास वीज, वाफ, कडक स्वच्छता. वीज महाग झाली, यंत्रं जुनी झाली की खर्च वाढतो. विक्रीची किंमत मात्र सरकार बांधून देतं. औषधाची किंमत बांधलीच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण किंमत बांधायची आणि नवी यंत्रं घ्यायला भांडवल द्यायचं नाही, हे कसं चालणार? त्यात १९९१ नंतर ‘खाऊजा’चं धोरण आलं. चीनमधलं स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागलं. १९९७ साली पिंपरीचा कारखाना आजारी ठरला. पुढे खाजगी कारखान्यांनीही पेनिसिलिन-जी बनवणं सोडून दिलं. सरकारी कारखान्यात सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाही. दिल्लीहून निर्णय यायचा तोवर बाजार पुढे गेलेला असायचा.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की कंपनीची जादा जमीन विकायची, देणी भागवायची आणि मग कंपनीही विकायची. जुलै २०१९ मध्ये कंपनीसाठी २८० कोटींच्या आसपास रक्कम मंजूर झाली. कशासाठी? थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती. म्हणजे माणसं घरी पाठवायला पैसा निघाला. ज्या घरात पगार महिनोन्‌महिने येत नाही तिथे उधारी कोण मागायला जातं, दागिना कुणाचा मोडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पैसाच नाही, असं मात्र नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोविड लशीसाठी आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटला केंद्राने ३,००० कोटी आगाऊ द्यायचं मान्य केलं. ती देणगी नव्हती, पुढे घ्यायच्या लशींची आगाऊ किंमत होती, आणि ते योग्यच होतं. खात्रीचं गिऱ्हाईक आणि हातात आगाऊ रक्कम असली की उत्पादन वाढतं. मग हृदयाच्या झडपेसाठी लागणाऱ्या इंजेक्शनाला असं खात्रीचं गिऱ्हाईक का नाही? सगळ्यांना धोका असला की तिजोरी उघडते. गरीब वस्तीतल्या मुलींचा आजार असला की फाइल फिरत राहते.

२०२० मध्ये केंद्राने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. त्यातून आंध्रात काकीनाड्याजवळ एका खाजगी कंपनीचा पेनिसिलिन-जीचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. देशात पुन्हा हा माल बनू लागला, चांगलं झालं. पण हे प्रोत्साहन विक्रीवर मिळतं. तयार इंजेक्शन महापालिकेच्या दवाखान्यात पोचलं की नाही, हे त्यात कुणी मोजत नाही. ते आपल्याला मोजावं लागेल.

म्हणून दोन कामं वाटून घेऊ. प्रत्येक वस्तीत हे इंजेक्शन चालू असलेल्या मुलींची वही करायची: शेवटचं कधी मिळालं, कुठे मिळालं, किती पैसे पडले. नावं बाहेर जाता कामा नयेत. कुणाचं लग्न मोडलं तर ती पुन्हा आपल्याकडे येणार नाही. दुसरं, महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा: गेल्या तीन वर्षांत हे इंजेक्शन किती मागवलं, किती आलं, किती दिवस साठा शून्य होता. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही, तेव्हा अर्ज तिच्याच नावाने करू. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नमुन्याचे अर्ज मी आणले आहेत, जेवणाच्या सुट्टीत भरून घेऊ.