छातीत पाणी का होते?



आपल्या गोंदियाकडे म्हणतात, "त्याच्या छातीत पाणी झालं." हे पाणी फुप्फुसात नसते. फुप्फुसाभोवती पातळ पडद्याचे दोन पदर असतात, त्यांच्या मधे ते साचते. कारणे अनेक, पण आपल्याकडे मोठे कारण क्षय.

क्षयाचे जंतू पदरात शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्या आपल्या शिपाई. पण नस म्हणजे बंद नळी. शिपाई बाहेर पडणार कुठून? अवधाणाच्या गाठीत काही बारीक नसा निराळ्या असतात. त्यांच्या भिंतीतल्या फुगीर पेशी शिपायाला ओळखतात, धरतात आणि वाट करून देतात. सूज फार दिवस राहिली, तर अशा नसा दुसरीकडेही तयार होतात. सुजलेला पदर पाझरतो, पाणी साचते. त्यात शिपाई पुष्कळ, जंतू थोडे. बेडक्यातही जंतू पुष्कळदा दिसत नाहीत. मग माणूस म्हणतो, "मला कुठला क्षय?"

इथेच घात होतो! डॉक्टर सुईने पाणी काढतात, दम हलका होतो. माणूस रोवणीला जातो, गोळ्या फळीवर. कधी पाणी आपोआपही ओसरते. जंतू मात्र आतच. औषध न मिळालेल्या १४१ फौजी जवानांची हकीकत अमेरिकेत १९५५ साली छापली गेली. शंभरात ६५ जणांना पुढे क्षय उठला.

गोळ्या साधारण सहा महिने घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट आहेत. खुराकासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये खात्यात येतात. जाताना पासबुक न्या.