नव्या विद्यापीठाची पत आणि आपले विद्यार्थी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बारावीनंतर कुठे शिकावे, हा प्रश्न आज आपल्या घराघरांत आहे. म्हणून त्याच विषयावर चार शब्द बोलणार आहे.

वर्गात मी विद्यार्थ्यांना त्यांचे मत विचारले. एक जण म्हणाला, "सर, डिग्री घ्यावी तर नागपूरची, नाहीतर पुण्याची. अमरावतीला कोण विचारतो?" दुसऱ्याने रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाचे नाव काढले. ते २०२४ साली सुरू झाले. तिथली पहिली मुले बाहेर पडू द्यावीत, मग पाहू, असे त्याचे म्हणणे. एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, कॉलेज अकोल्यातच आहे म्हणून अब्बा हो म्हणाले. नागपूर म्हटले असते तर शिक्षणच थांबले असते."

ही तिन्ही मते मनापासूनची आहेत. पण पहिली दोन नीट तपासून घेतली पाहिजेत.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे, आणि बुलढाण्याहून त्याहूनही लांब. विद्यापीठात एखादे काम निघाले म्हणजे एवढा प्रवास आला, मुक्काम आला, खर्च आला. गरिबाच्या मुलाला हे ओझे लहान नव्हते.

आता विचार करा. त्या दिवशी प्रत्यक्षात काय बदलले? अमरावतीचे विदर्भ महाविद्यालय १९२३ पासून चालू होते. तेच वर्ग, तेच प्राध्यापक, तेच ग्रंथालय. प्रमाणपत्रावरचे नाव तेवढे बदलले. मग एका रात्रीत तिथल्या विद्यार्थ्यांची बुद्धी कमी झाली काय? विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, पदवी देते. संलग्न महाविद्यालयात रोज शिकवायचे काम मात्र तिथल्या प्राध्यापकांचे असते. म्हणून "विद्यापीठ कसे आहे?" या प्रश्नाबरोबरच "माझे महाविद्यालय कसे आहे?" हेही विचारावे लागते. एकाच विद्यापीठात उत्तम महाविद्यालयही असते आणि केवळ नावापुरते चालणारेही असते.

आणि ज्या नागपूरचा आपण दाखला देतो, ते विद्यापीठही एके काळी नवेच होते. १९२३ पूर्वी नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाकडे होती. पत कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ती त्या पदवीधरांनी पुढे केलेल्या कामातून येते, आणि त्याला एक-दोन पिढ्या लागतात.

याचे मोठे उदाहरण जामिया मिल्लियाचे आहे. १९२० साली अलीगढच्या नामांकित कॉलेजातून काही विद्यार्थी आणि अध्यापक बाहेर पडले आणि त्यांनी ही नवी संस्था उभी केली. त्यांत झाकिर हुसेन होते, वय तेवीस. १९२५ मध्ये संस्था दिल्लीला गेली. पैशाची अशी टंचाई आली की ती बंद करावी काय, असा प्रश्न पडला. तेव्हा झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे सेवेची शपथ घेतली, तीही दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेण्याच्या अटीवर. तीच जामिया १९८८ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली, आणि झाकिर हुसेन १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले.

याचा अर्थ नवे ते सारे चांगले, असा मुळीच नाही. नव्या संस्थेत पुस्तके थोडी असतात, जागा रिकाम्या असतात, नोकरीच्या ठिकाणी ओळख देणारे जुने विद्यार्थी नसतात. म्हणून प्रवेशापूर्वी चार गोष्टी पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय? आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, ती वाचा. नॅकने महाविद्यालयाला कोणती श्रेणी दिली? तुमच्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत काय? ग्रंथालय आणि प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी उघडी असतात की कुलपात? ही शेवटची दोन उत्तरे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून घ्या. पहिल्या वर्षाचा अजून भारावलेला असतो, आणि ज्याने त्या आवारात पायही ठेवलेला नाही, त्याचे मत ऐकीव असते.

पालकांना माझी विनंती आहे. ज्या मुलाला बाहेरगावी पाठवणे शक्य आहे, त्याला जरूर पाठवा. पण मोठ्या नावाचे कॉलेज परवडत नाही, म्हणून मुलीला घरी बसवू नका. त्या मुलीच्या वाक्यात वऱ्हाडातील कितीतरी घरांची हकीकत आहे. जवळच्या विद्यापीठाने तिला दार उघडून दिले, ही त्या विद्यापीठाची लहान कामगिरी नव्हे. मात्र दार उघडले म्हणून आतले शिक्षण कसेही चालेल, असे नाही. तास होत नसतील तर पालकांनी प्राचार्यांना जाऊन विचारले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. बाबांजवळ कुठलीही पदवी नव्हती. त्यांच्या हातात खराटा होता, आणि लोकांना ते सांगत, मुलांना शाळेत घाला. त्या नावाची पदवी घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ती पदवी घेऊन तुम्ही जे काम कराल, त्यावरून पुढच्या मुलांना तिची किंमत कळेल.