दवाखान्यातली एक ओळ

पोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात जाते. डॉक्टर केसपेपरवर दोन ओळी लिहितात. ऑपरेशन झालं तर रजिस्टरात एक ओळ चढते: नाव, वय, गाव, काय केलं, तारीख. वय 'अंदाजे 30'. गाव कधी नावानिशी, कधी नुसतं 'ता. वडवणी'. बिल भागलं, टाके निघाले, की ते पान कुणी पुन्हा उलटत नाही.

2019 साली आपल्या बीड जिल्ह्यात अशा नोंदींची बेरीज झाली. 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेल्याचं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीच्या वेळी ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक! बाया हे एकमेकींना केव्हापासून सांगत होत्या. ऐकलं गेलं ते आकडा झाल्यावर, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि ही तर नुसती बेरीज. त्याच ओळी महिन्यावार लावा. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघण्याच्या तोंडावर ऑपरेशनं वाढतात का, ते दिसेल. खाडा झाला की पैसे कापले जातात, पाळीचे चार दिवसही परवडत नाहीत, हे कोयत्यावरच्या बाईला ठाऊकच आहे. तिचा शब्द कागदावर पडताळता येईल. केसपेपर वाचले तर कळेल, किती जणींना आधी औषधं दिली होती, किती जणींची सोनोग्राफी झाली होती. आता पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, म्हणजे त्या अर्जांचीही फाइल आहे. शेजारी शाळेचं हजेरीपुस्तक ठेवा. दिवाळीनंतर ज्या नावांपुढे महिनोन्‌महिने गैरहजेरी लागते, त्यांतल्या कितीतरी पोरांच्या आया तेव्हा फडात असतात.

हे काम करताना बायांची नावं झाकलीच पाहिजेत. वय, महिना आणि कारण एवढं पुरतं. अक्षर लागलं नाही तर तिथे अंदाज भरू नये, रकाना कोरा सोडावा.

आणि मायबहिणींनो, तुमचा केसपेपर, सोनोग्राफीचा कागद, डिस्चार्ज कार्ड दवाखान्यातून मागून घ्या. कारखान्यावर जाताना प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून सोबत न्या. पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर ते कागद आधी सरकारी दवाखान्यात दाखवा.