विमानाचं माहेरचं नाव

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



समितीने मला सांगितलं, 'तुझ्या छंदाबद्दल दहा मिनिटं बोल.' पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि उरलेल्या वेळात जुन्या, दुर्मिळ विमानांची ओळख पटवून त्यांचा पूर्वेतिहास शोधते. घरचे याला 'मोडीचं वेड' म्हणतात. इतिहासाच्या बाईंनी लगेच खूश होऊ नये. इथे मोडी म्हणजे लिपी नव्हे, भंगार.

या मेळाव्याची यादी करताना मला एक गंमत दिसली. आपल्या बॅचच्या मुलांची यादी दोन आठवड्यांत झाली. मुलींची व्हायला पाच महिने लागले. आडनावं बदललेली, कुणाकुणाची तर नावंही बदललेली. शेवटी ऑफिसमधलं जनरल रजिस्टर कामी आलं. दाखल्यावरचा तो नंबर लग्न झालं, गाव बदललं, देश बदलला तरी तोच राहतो. जुन्या विमानांचं काम अगदी असंच असतं. शेपटाजवळ रंगवलेला क्रमांक हे सासरचं नाव. मालक बदलला की तो बदलतो. कारखान्याने दिलेला क्रमांक हे माहेरचं नाव, आणि तो सहसा बाहेरून दिसत नाही.

उदाहरण आपल्या गावचंच घेते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबरेटर' नावाची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं बनवली, एकूण अठरा हजारांवर. त्यातली बरीच ब्रिटिश हवाई दलाला उसनवारीच्या करारावर मिळाली आणि काही इकडच्या आघाडीवर आली. युद्ध संपल्यावर ती परत करा, नाहीतर निकामी करा, अशी अट होती. परत न्यायची कुणाला हौस नव्हती. कानपूरला ती रांगेने उभी करून त्यांची मोडतोड केली, काहींच्या इंजिनात वाळू टाकली आणि मंडळी मायदेशी निघून गेली.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारताला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून चाळीसच्या वर लिबरेटर उडण्याजोगी केली. वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून कानपूरहून बंगळूरला नेली. तिथे नीट दुरुस्ती झाली आणि मग ती हवाई दलात गेली. त्यातली पुढे आपल्या लोहगावला होती. सागरी टेहळणीसाठी ६ नंबरची स्क्वाड्रन ती वापरायची. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली, तोवर जगात इतरत्र लिबरेटर केव्हाच मोडीत निघाली होती. आज पूर्ण अवस्थेतली लिबरेटर जगात जेमतेम डझन-दीड डझन असतील. त्यातली निदान सहा आपल्याकडे वाचलेली आहेत. एक पालमच्या संग्रहालयात आहे. बाकीची परदेशी गेली, आणि तिथे त्यांची नावं पुन्हा बदलली.

अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉनला पिमा एअर ॲण्ड स्पेस म्युझियम आहे. तिथल्या लिबरेटरच्या नाकावर 'बंगे बकारू' असं रंगवलंय. बंगे हे इंग्लंडमधलं गाव. तिथून अमेरिकेचा ४४६ नंबरचा बॉम्बर गट जर्मनीवर जायचा. बघणाऱ्याला वाटावं की हे विमान तिथे लढलं. प्रत्यक्षात ते इंग्लंडच्या त्या तळावर कधी नव्हतंच. त्याचा अमेरिकन क्रमांक ४४-४४१७५. पहिले ४४ म्हणजे १९४४ हे आर्थिक वर्ष. कारखाना टेक्सासमधला फोर्ट वर्थचा. ब्रिटिशांकडे ते झालं केएच ३०४, भारतीय हवाई दलात एचई ८७७. १९६९ मध्ये भारत सरकारने ते भेट दिलं आणि ते पुण्याहून उडत टूसॉनला गेलं. म्हणजे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांब नोकरी आपल्याकडची, आणि अंगावर एकही खूण आपली नाही.

तसंच दुसरं, कॉलिंग्ज फाउंडेशनचं 'विचक्राफ्ट'. मूळ विचक्राफ्टने युरोपात १३० मोहिमा केल्या आणि युद्धानंतर ते मोडीत गेलं. आज ते नाव मिरवणारं विमान आहे ४४-४४०५२, ब्रिटिश केएच १९१, कानपूरच्या ढिगातलं. याउलट ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने १९७४ मध्ये आपल्याकडून नेलेल्या एचई ८०७ ला त्याचाच जुना ब्रिटिश क्रमांक, केएन ७५१, परत दिला. ही पद्धत मला जास्त पटते. निदान ते विमान खोटं बोलत नाही, फक्त शेवटची वीस वर्षं सांगायचं टाळतं.

आपणही हे करतो बरं का. २०१८ मध्ये हवाई दलात आलेला 'परशुराम' हा डकोटा आठवा. त्यावर व्हीपी ९०५ लिहिलंय. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या पहिल्या डकोटाचा हा क्रमांक. परशुराम ते विमान नव्हे. तो ब्रिटिश केएन ३९७, पुढे तिकडच्या नागरी नोंदणीत जी-एएमएसव्ही. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं, तसं हे. माझी त्याला हरकत नाही. फक्त नातवाला आजोबा समजून त्याचा इतिहास लिहू नये.

मग खरी ओळख पटवायची कशी? आधी कॉकपिटमधली धातूची ओळखपट्टी बघायची. पण पट्टी चार रिव्हेटांवर असते, ती काढून दुसरीकडे ठोकता येते, आणि दुर्मिळ विमानाला किंमत आली की तसं करायचा मोह होतो. म्हणून आतल्या भागांवरचे शिक्के, सुट्या भागांचे क्रमांक, कारखान्याची खूण बघायची. लिबरेटर पाच कारखान्यांत बनायचं आणि प्रत्येकाची दोन अक्षरी खूण वेगळी. फोर्ट वर्थची सीएफ, फोर्डच्या विलो रनची एफओ. मग रंग. जुन्या वाड्याची भिंत खरवडली की चुन्याखाली निळा आणि निळ्याखाली गेरू निघतो, तसे थर निघतात. पूर्व आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांच्या गोलात लाल ठिपका नसायचा, जपानी समजून आपलेच लोक गोळी घालतील म्हणून. खालच्या थरात गडद आणि फिका असा निळ्याच्याच दोन छटांचा गोल सापडला, की ते विमान कुठे लढलं हे कळतं.

आणि शेवटी कागद. ब्रिटिशांचा 'फॉर्म ७८' म्हणजे विमानाचा दाखलाच. कुठल्या तारखेला कुठल्या युनिटकडे गेलं ते त्यात असतं. अमेरिकनांचीही तशी कार्डं आहेत. मेख अशी की कानपूरला विमान 'निकामी' लिहिलं की कार्ड संपतं. पुढच्या वीस वर्षांचा कागद आपल्याकडचा, आणि तो फार विस्कळीत. शिवाय ढिगातून विमान उभं करताना एकाचा पंख दुसऱ्याला, तिसऱ्याची शेपटी पहिल्याला, असं झालेलं. तेव्हा एचई ८७७ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी धडाला, त्यातही कॉकपिटच्या भागाला प्रमाण मानते. काही अभ्यासक मानत नाहीत, आणि त्यावर आम्ही मनसोक्त भांडतो.

आता यातला आपला भाग. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील लोहगावला एअरफ्रेम फिटर होते. ते गेल्यावर तिला ट्रंकेत एक फोटो सापडला. सात-आठ तरुण, खाकी हाफ पँटी, मागे लिबरेटर. काका सदैव म्हणायचे, 'आमचं विमान अमेरिकेला गेलं.' घरात कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. फोटोत क्रमांक दिसतो तो 'एचई ८' इतकाच; पुढचे दोन आकडे एका जवानाच्या पगडीमागे लपलेत. ८७७ असेल तर काका बरोबर होते. ८०७ असेल तर विमान इंग्लंडला गेलं. आणखी तिसराच कुठला ८ असेल, तर ते भट्टीत वितळलं. मी फोटो मोठा करून खिडकीच्या चौकटी, ठिगळं, अँटेनाची जागा टूसॉनच्या विमानाशी ताडून बघतेय. दारामागचं एक ठिगळ जुळतंय. एका ठिगळावर मी सही करणार नाही, आणि हे मी काकूंना तसंच सांगितलंय. त्या म्हणाल्या, 'घाई नाही गं, पण मी आहे तोवर सांग.'

म्हणून तुम्हाला एक काम देते. आपल्यापैकी कितीतरी जण कॅम्पातले, विश्रांतवाडीतले, धानोरीतले. विमान डोक्यावरून गेलं की गणिताचे सर खडू हातात धरून थांबायचे, ते आठवतंय ना? त्या तळावर कुणाचे वडील, काका, शेजारी १९५० ते १९६८ मध्ये कामाला असतील, तर घरचे अल्बम काढा. चिकटलेले फोटो ओढून काढू नका, फाटतात, पानासकट आणा. मागे काही लिहिलं असेल तर त्याचाही फोटो घ्या, तारीख पुसट असली तरी चालेल. सेवापुस्तिका, बदलीचे आदेश, अगदी मेसची बिलंसुद्धा चालतील. विमान नीट दिसत नाही म्हणून फोटो बाजूला ठेवू नका. मला माणसांच्या मागचा कोपरा पुरतो. जेवणानंतर मी चिंचेखालच्या टेबलापाशी स्कॅनर घेऊन बसलेली आहे.