निरोपांची वाट आणि कुलपें

शहापूर पोस्टाचा पिन क्रमांक ४२१६०१ आहे आणि मुरबाडचा ४२१४०१. ठाणें जिल्ह्यांतील हे दोन तालुके एकमेकांस इतके लागून आहेत कीं, शहापूर तालुक्यांतील शेणव्यासारख्या गांवच्या माणसाला ते दोन्ही घरचेच वाटावे. कोलकात्याच्या टपालघराला मात्र या दोन क्रमांकांतील भेदाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. पहिला आंकडा ४ दिसला कीं पत्र पश्चिमेकडचें, एवढें त्याला पुरतें. ४२१ या तीन आंकड्यांनीं तें कल्याण-भिवंडीच्या टापूंत येतें, आणि अगदीं जवळ आल्यावर, चौथ्या आंकड्यापाशीं, शहापूरची वाट मुरबाडच्या वाटेपासून फुटते. घाटमाथ्यावरचें इगतपुरी कसाऱ्याच्या डोक्यावरच उभें आहे. परंतु त्याचा क्रमांक ४२२ नें सुरू होतो, म्हणून पत्राच्या दृष्टीनें तें नाशिककडचें गांव. ही सहा आंकड्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलांत आली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील वरिष्ठ अधिकारी व संस्कृतांतले कवि. थोडक्या अक्षरांत पुष्कळ अर्थ बसवण्याची संवय त्यांना काव्यांतूनच लागली असावी.

संगणकांच्या जाळ्यांत निरोप पोंचतो तो याच तत्त्वानें. भारतांत विद्यापीठें व संशोधनसंस्था यांना जोडणारें अर्नेट हें जाळें उभारण्यास १९८६ सालीं आरंभ झाला. त्यांत मुंबईची आय. आय. टी. व जुहूचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्था होत्या. सामान्य घरांना इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या मार्फत. या जाळ्यांत निरोप सबंध जात नाहीं. त्याचीं लहान लहान पाकिटें होतात, प्रत्येकावर पत्ता असतो, व वाटेंतील प्रत्येक संगणक तो पत्ता आपल्याजवळच्या कोष्टकाशीं ताडून पाहतो. ज्या ओळीशीं पत्त्याचे आरंभींचे सर्वांत अधिक आंकडे जुळतील ती ओळ खरी; ती सांगेल त्या तारेवर पाकीट सोडावयाचें. कोणतीच ओळ जुळली नाहीं तर शेवटीं एक सर्वसाधारण वाट लिहून ठेवलेली असते. टपालघरांत पत्रें लावणाऱ्या सॉर्टरचे खण ज्या श्रोत्यांनीं पाहिले असतील, त्यांना निम्मा विषय एव्हांना समजला. उरलेला निम्मा खणांकडे पाहून कळत नाहीं, आणि खरी अडचण त्यांतच आहे.

सॉर्टरच्या खणांपुढें एकच माणूस बसतो. आजच्या संगणकांत चार, आठ, कधीं साठसत्तर प्रोसेसर, म्हणजे तितकेच कारकून म्हणा, एकाच कोष्टकावर एकाच क्षणीं वाकलेले असतात. बहुतेक जण नुसतें वाचतात. एखादा त्याच वेळीं जुनी ओळ खोडून नवी लिहीत असतो, कारण कोठेंतरी तार तुटलेली असते व वाट बदलणें भाग असतें. वाचणाऱ्यानें अर्धी जुनी व अर्धी नवी ओळ वाचली तर पाकीट भलतीकडे जाईल. हेंहि एक वेळ परवडलें. पोंच आली नाहीं तर पाठवणारा संगणक बहुधा तेंच पाकीट पुन्हां धाडतो.

याहून वाईट प्रकार मोजदादीचा. कोष्टकांतील प्रत्येक ओळ सध्यां किती जण वापरीत आहेत याची संख्या ओळीबरोबरच ठेवतात. ती शून्यावर आली म्हणजे ओळ टाकून देऊन तिची जागा दुसऱ्या कामास लावतात. समजा, संख्या ५ आहे आणि दोन कारकून एकदमच आले. पहिल्यानें ५ वाचले, दुसऱ्यानेंहि ५ च वाचले, आणि दोघांनीं एकेक मिळवून ६ लिहिले. वापरणारे सात, वहींत सहा. पुढें सहा जण आपलें काम आटोपून गेले कीं वहींत शून्य येतें, आणि सातवा ती ओळ वाचीत असतांनाच त्या जागेवर कोणा परक्याचा मजकूर येऊन बसतो. सातवा जें वाचतो तें पत्ता नसतेंच. पुष्कळदां सारा संगणकच तेथें थबकतो.

असा प्रसंग लाखों वेळांतून एकदां येतो, आणि मुद्दाम घडवून दाखवावा म्हटलें तर येत नाहीं. त्याची किंमत कोण देतें तें पाहण्यास रेशनच्या दुकानापर्यंत जावें. बाई ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवते. तो निरोप दूरच्या संगणकाकडे जाऊन उत्तर येईपर्यंत धान्याचें माप थांबलेलें असतें. उत्तर आलें नाहीं तर दुकानदार म्हणतो, "रेंज नाही." शहापूर-मुरबाडसारख्या डोंगराळ मुलखांत बहुधा तेंच खरें असतें. पण कधींतरी दोष वाटेवरच्या एखाद्या यंत्रांतील चुकलेल्या मोजणीचा असतो, आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बाईला त्यांतला भेद कोणी सांगूं शकत नाहीं. ज्यानें तें यंत्र रचलें त्यालाहि तो सहजासहजीं सांपडत नाहीं.

यावर उपाय कुलपाचा. ज्याला ओळीस हात लावावयाचा त्यानें आधीं कुलूप आपल्या ताब्यांत घ्यावें, काम झाल्यावर सोडावें; तोंवर इतरांनीं थांबावें. एकेरी लोहमार्गावर ज्याच्या हातीं टोकन असेल त्याच गाडीनें पुढें जावें, तशांतलाच हा प्रकार. एडस्गर डायक्स्ट्रा या डच पंडितानें १९६५ सालीं, अनेक कामकऱ्यांपैकीं एका वेळीं एकच जण नाजूक जागेंत शिरेल अशी रीत सिद्ध करून दाखवली. योगायोग असा कीं, दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीतहि त्यानेंच १९५९ सालीं प्रसिद्ध केली होती, व जाळ्यांतील पुष्कळ राउटर आपलीं कोष्टकें आजहि तिच्याच आधारें भरतात. वाट आणि कुलूप, दोहोंचा विचार एकाच डोक्यांत झाला.

प्रथम लोकांनीं सोपी युक्ति केली: सर्वांना मिळून एकच कुलूप. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात (लष्करांतल्या कर्नलशीं याचें नातें नाहीं). १९९६ सालीं तो अनेक प्रोसेसरांवर चालूं लागला तेव्हां त्याला असेंच एक मोठें कुलूप होतें. यांत चूक होण्याचा संभव कमी. पण आठ कारकुनांचा पगार देऊन काम एकाचें, आणि बाकीचे सात दाराशीं उभे. मग हळूहळू एकेका कोष्टकाला, एकेका रांगेला निराळें कुलूप देण्यांत आलें. फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमनें आपला जाळ्याचा भाग अशा मोठ्या कुलपाखालून २००४ सालीं बाहेर काढला. लिनक्समधील मोठें कुलूप समूळ गेलें तें २०११ सालीं. एक कुलूप काढावयास पंधरा वर्षें लागलीं, हें ज्यांना नवल वाटेल त्यांनीं पुढची गोष्ट ऐकावी.

कर्नेलवर आणखी एक जबाबदारी असते. वाट बदलली कीं, ज्या प्रोग्रॅमांनीं 'बदल कळवा' असें सांगून ठेवलें आहे त्यांना वर्दी द्यावयाची. बर्कले विद्यापीठाच्या यूनिक्समध्यें १९९० सालीं यासाठीं राउटिंग सॉकेट नांवाची सोय झाली. कोष्टकाला एक कुलूप, वर्दी घेणाऱ्याच्या पेटीला दुसरें. एका कारकुनानें कोष्टकाचें कुलूप हातीं घेऊन ओळ बदलली व वर्दी टाकण्यासाठीं तो पेटीच्या कुलपाची वाट पाहूं लागला. त्याच क्षणीं दुसरा पेटीचें कुलूप धरून कोष्टक पाहावयास निघालेला. पहिला दुसऱ्यासाठीं थांबला, दुसरा पहिल्यासाठीं; दोघेहि नियमानें वागणारे, कोणी चुकलें नाहीं, आणि दोघेहि वीज जाईपर्यंत तसेच उभे. या कोंडीला दोन तोडगे आहेत. एक, कुलपें घेण्याचा क्रम सर्वांनीं एकच पाळावा: आधीं कोष्टक, मग पेटी, उलट कधींहि नाहीं. दुसरा अधिक चांगला: कोष्टकाचें कुलूप हातीं असतां वर्दी नुसती लिहून ठेवावी, कुलूप सोडावें, आणि मग ती पेटींत टाकावी. याला एक उणीव आहेच. वर्दी पोंचेपर्यंत कोष्टक पुन्हां बदललेलें असूं शकतें. तेव्हां घेणाऱ्यानें तिला अखेरचा शब्द मानून चालत नाहीं.

तथापि सर्वांत शहाणपणाची युक्ति कुलूप टाळण्याची आहे. कोष्टक क्षणाक्षणाला हजारों वेळां वाचलें जातें व क्वचित् बदलतें. मग एका लिहिणाऱ्यासाठीं हजारों वाचणारे कां अडवावे? नवें वेळापत्रक फलकावर लागलें म्हणून प्रवाशाच्या हातांतलें जुनें कोणी हिसकावून घेत नाहीं. त्याप्रमाणें लिहिणारा ओळीची नवी प्रत बाजूला तयार करतो, पुरी झाल्यावर एकाच फटक्यांत जुनीच्या जागीं तिची खूण ठेवतो, आणि जुनी वाचीत असलेला अखेरचा वाचक मोकळा झाल्यावरच ती टाकून देतो. लिनक्समध्यें ही रीत २००२ सालीं आली, व पुढें वाटांच्या कोष्टकालाहि ती लागू झाली. वाचणाऱ्याला येथें कुलूप नाहीं, आणि प्रत्येक वाचनाची मोजदादहि नाहीं. त्यामुळें पांचाचे सहा होण्याचा तो प्रसंग वाचणाऱ्यांपुरता उरतच नाहीं. लिहिणाऱ्यांनीं आपसांत कुलूप वापरावें, तें त्यांचें त्यांना पुरतें.

क्रम पाळण्याची भिस्त माणसाच्या स्मरणावर ठेवून भागत नाहीं हेंहि अनुभवानें कळलें. लिनक्सनें २००६ सालीं आपल्या कर्नेलांतच एक तपासनीस बसवला. कुलपें कोणत्या क्रमानें घेतलीं जातात याची तो टिपणी ठेवतो, आणि उलटा क्रम एकदां जरी दिसला तरी, कोंडी प्रत्यक्ष झाली नसतांहि, हांक मारतो. ओपनबीएसडीच्या लोकांची रीत जुन्या हिशेबनिसांसारखी आहे. त्यांच्या कर्नेलमध्यें महत्त्वाच्या नोंदींतील रकान्यापुढें कंसांत एकेक अक्षर लिहितात: हा रकाना जाळ्याच्या कुलपाखालीं, हा कर्नेलच्या मोठ्या कुलपाखालीं, हा एकदां लिहिला कीं कधींच न बदलणारा. जाळ्याचा एकेक भाग त्या मोठ्या कुलपाखालून काढण्याचें काम तेथें वर्षानुवर्षें चाललें आहे, आणि रकान्यापुढचें अक्षर बदलण्यापूर्वीं त्याला कोण कोण हात लावतें, तें सारा मजकूर धुंडाळून पाहिलें जातें.